तट सोडून उभा राहिलेला बुरूज

विजापूरला गेलेला माणूस गोलघुमटात टाळी वाजवून पाहतो, इब्राहिम रोझ्यापाशी चार फोटो काढतो आणि सोलापूरची गाडी पकडतो. मधल्या वेळात रिक्षावाल्याने फारच धरलं, तर गावाच्या पश्चिम अंगाला, दख्खनी ईदगाहच्या उत्तरेला असलेल्या उपली बुरुजाखाली येऊन मान वर करतो. समोर सुमारे ८० फूट उंचीचा गोल, भरीव दगडी ठोकळा. आत दालन नाही, खिडकी नाही. पायऱ्या आहेत, पण त्या बाहेरून, बुरुजाच्या अंगाला वळसा घालत माथ्यापर्यंत गेलेल्या. बहुतेकांचा चेहरा पडतो. घुमटातल्या प्रतिध्वनीनंतर हा मुका दगड काय दाखवणार?

मला विचाराल तर विजापुरातली सगळ्यात चक्रावून टाकणारी वास्तू हीच आहे. ती जिथे उभी आहे तिथे बुरुजाचं काही कामच नसायला हवं होतं.

बुरूज म्हटला की तो तटात हवा. तट नुसता सरळ असला, तर त्याच्या पायथ्याला येऊन चिकटलेल्या शत्रूवर वरून नेम धरता येत नाही. शिपायाला अर्धं अंग बाहेर काढून वाकावं लागतं आणि तेवढ्यात खालून कोणीतरी त्याला टिपतो. म्हणून थोड्या थोड्या अंतराने तट बाहेर फुगवायचा. त्या फुगवट्यावरून दोन्ही बाजूंच्या भिंतीलगत मारा करता येतो, आणि बुरुजाचा स्वतःचा पायथा शेजारचा बुरूज राखतो. विजापूरचा बाहेरचा तट पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, १५६५ च्या सुमारास, पुरा झाला. घेर सुमारे १० किलोमीटर, त्यात ९६ बुरूज. सरासरी काढली तर दर शंभरेक मीटरवर एक. बाहेरून रुंद खंदक. मक्का, शहापूर, बहमनी, अल्लापूर आणि मंगोली असे पाच मोठे दरवाजे. भिंतीची उंची कुठे तीस फूट, कुठे पन्नास, आणि वर फांजीवरून तोफांची ने-आण व्हावी एवढी ऐसपैस जाडी.

आणि हे सगळं सोडून उपली बुरूज आत शहरात एकटाच उभा आहे. त्याला ना डावीकडे तट, ना उजवीकडे.

गावात याची एक गोष्ट सांगतात. तट बांधायला काढला तेव्हा सुलतानाने त्याचे तुकडे करून एकेका सरदाराला नेमून दिले. (हा भाग तरी खरा वाटतो, तटाच्या कडेने चालत गेलं की मध्येच दगडाचा घाट बदलतो, काम कुठे चोख तर कुठे उरकल्यासारखं दिसतं. कंत्राटं वाटून दिली की काय होतं ते सोळाव्या शतकातही तसंच होत होतं.) हैदरखान नावाचा सरदार तेव्हा मोहिमेवर होता. परत येऊन पाहतो तर तट बांधून झालेला, त्याच्या नावाचा एक हातही नाही. तो रुसला. सुलतान म्हणाला, मग तू असा एक बुरूज बांध, की ज्यावरून बाकीचे सगळे खाली दिसतील. त्याने बांधला. म्हणून याचं दुसरं नाव हैदर बुरूज.

गोष्ट झकास आहे, पण तारखांशी तिचं जमत नाही. बुरुजावरच्या फारसी शिलालेखातलं हिजरी साल ९९२ आहे, म्हणजे १५८४. तट पुरा होऊन तोवर वीसेक वर्षं होत आली होती. पहिल्या अलीचा १५८० मध्ये खून झाला होता. गादीवर दुसरा इब्राहिम होता, वय तेरा-चौदा, आणि त्याच्या लहानपणी काही काळ कारभार पाहिला होता तो अहमदनगरहून सून म्हणून आलेल्या चांदबिबीने. हीच चांदबिबी पुढे माहेरच्या किल्ल्यात, मोगलांनी सुरुंगाने पाडलेल्या खिंडाराशी उभी राहिली. सांगायचा मुद्दा असा की रुसलेला सरदार आणि उदार सुलतान एकाच वेळी दरबारात असणं कठीण. मान-अपमानाचं काहीतरी असेलही, पण वीस वर्षं जुन्या तटाच्या आत एवढा खर्च करून भरीव टेकाड उभारायला आणखी सबळ कारण लागतं. ते कारण माथ्यावर पडलेलं आहे.

पायऱ्या चढून गेलं की दोन तोफा दिसतात. त्यातल्या मोठीला लमछडी म्हणतात. लांबी ३० फूट ८ इंच. नळीचं तोंड मात्र फक्त १२ इंचांचं. म्हणजे लांबी तोंडाच्या तिसाहून अधिक पट. दुसरी तोफ वीसेक फुटांची. दोन्ही लोखंडाच्या, आणि दोन्ही ओतीव नाहीत. एवढं लोखंड एकदम वितळवून साच्यात ओतायची सोय तेव्हा इथल्या भट्ट्यांत नव्हती. भट्टीतून निघायचं ते घडाऊ लोखंड. मऊ पडायचं, ठोकून एकजीव व्हायचं, पण पाण्यासारखं वाहायचं नाही. मग ३० फुटांची पोकळ नळी करायची कशी?

आधी लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना खेटून गोलाकार उभ्या करायच्या, म्हणजे आतली नळी तयार होते. मग त्यावर कडी चढवायची. कडं नळीच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान घडवायचं, लालबुंद तापवायचं. तापलं की ते फुगतं आणि नळीवर सरकतं. थंड झालं की आवळून बसतं. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो ती हीच युक्ती. फरक एवढाच की इथे कड्याला कडं भिडवत तीस फुटांपर्यंत जायचं, आणि पुन्हा त्यावर दुसरा थर. मराठीत या तोफांना बांगडी तोफा म्हणतात. लमछडीच्या अंगावरून हात फिरवला तर कड्यांचे सांधे बोटांना लागतात.

यात शहाणपण असं, की आत दारू पेटून दाब वाढला की कुठलीही नळी लांबीच्या रेषेत फाटायला बघते. आडवी तुटण्यापेक्षा उभी चिरण्याचा जोर नळीत दुपटीने असतो. पट्ट्यांचे सांधे नेमके त्याच रेषेत, म्हणजे नळीची दुखरी जागा तीच. कडी बरोबर त्या जोराच्या आड येतात. थंड होताना आवळलेलं कडं तोफ उडण्याच्या आधीपासूनच नळीला आत दाबून धरत असतं. दाबाचं गणित कागदावर मांडणारे लोक पुष्कळ नंतर आले. लोहारांना ते फुटलेल्या तोफांनी शिकवलं असणार, आणि त्या धड्याची फी कोणी भरली असेल ते सांगायला नको.

लांबीचंही कारण आहे. त्या काळची दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, सगळी एका क्षणात पेटत नाही. जळत जळत वायू सोडत राहते. नळी लांब असली तर तेवढा वेळ गोळ्याला मागून रेटा मिळत राहतो आणि तो वेगाने, सरळ निघतो. अमुक एका लांबीनंतर मात्र घासून जाणारी शक्तीच जास्त होते. लमछडी त्या हद्दीच्या पलीकडे गेली आहे असा माझा संशय आहे. तीस फुटांत नेमापेक्षा रुबाबाचा वाटा मोठा दिसतो. गोळा मात्र चेष्टेचा नव्हता. १२ इंची नळीत बसणारा दगडी गोळा तीस किलोच्या घरात जातो, लोखंडी असेल तर ऐंशीच्या.

आता बुरूज शहराच्या आत का, ते उलगडायला लागतं. तटातल्या बुरुजावरची तोफ आपल्या समोरचा तुकडा सांभाळते. हल्ला दुसऱ्या बाजूला झाला तर ती तोंड आवळून बसते. पण तटाच्या थोडं आत, तटापेक्षा पुष्कळ उंच अशी जागा केली, तर एकच लांब पल्ल्याची तोफ आपल्याच तटावरून पलीकडे मारा करू शकते, आणि तोही एका बाजूला नाही, तर फिरून हव्या त्या बाजूला. खाली लोकांची घरं, बाजार, मशिदी, आणि त्यांच्या डोक्यांवरून ऐंशी किलोचा गोळा सुंईकन तटापार. हैदरखानाने बुरूज उभारला म्हणण्यापेक्षा तोफेला बसायला उंच जोतं बांधून दिलं म्हणायला हवं.

पण फिरून म्हणजे कसं? एवढं धूड हलणार कसं? इथे विजापूरच्या बुरुजांवरची एक साधी गोष्ट पाहायची असते, जी फोटोत कधी येत नाही. तोफेच्या ओट्याच्या मधोमध एक खड्डा असतो. त्यात खुंट बसायचा आणि तोफेची बैठक त्या खुंटाभोवती फिरायची. हलक्या तोफांसाठी खुंटावर लोखंडी बेचकं असायचं. तोफेच्या दोन्ही कुशींतले आडवे दांडे त्यात अडकवले की ती खाली-वर झुकायची आणि डावी-उजवी वळायची. पोर्तुगीजांच्या गलबतांवर छोट्या तोफा अशाच बेचक्यांवर बसवलेल्या असत. गोवा १५१० मध्ये आदिलशाहीच्याच हातून गेला होता, तेव्हा असल्या तोफा विजापूरकरांनी फारच जवळून पाहिल्या होत्या. समुद्रावरची युक्ती दख्खनच्या पठारावर, ८० फूट उंच दगडावर चढलेली पाहून मला दर वेळी मौज वाटते.

खुंटाने वळणं सोपं झालं, पण धक्क्याचं काय? गोळा पुढे जातो तेवढ्याच जोराने तोफ मागे रेटली जाते. मैदानात चाकांचा गाडा मागे पळतो आणि जोर जिरतो. बुरुजावर मागे पळायला जागा नाही. चार पावलांवर कडा. म्हणून ओट्याभोवती ठेंगणी, जाड, गोल भिंत घालत. तोफ हवी तिकडे वळवायची, मग तिचा मागचा भाग आणि ही भिंत यांच्यामध्ये ओंडके ठोकून बसवायचे आणि बत्ती द्यायची. धक्का ओंडक्यांतून भिंतीत आणि भिंतीतून अख्ख्या बुरुजात उतरतो. बुरूज आतून भरीव का, याचं उत्तर इथे मिळतं. तो पोकळ असता, तर पहिल्या दहा-वीस बारांतच त्याच्या मजल्यांचे सांधे खिळखिळे झाले असते.

युरोपात लोकांनी दुसरा मार्ग धरला होता. एस्टोनियातल्या टॅलिन शहराच्या तटात ‘कीक इन दे क्योक’ नावाचा पंधराव्या शतकाच्या शेवटाकडचा बुरूज आहे. ३८ मीटर उंच, भिंती ४ मीटर जाड, आत मजल्यावर मजले आणि मजल्यांच्या भोकांतून तोफा. तिथे गोलंदाज थंडीवाऱ्यापासून आडोशाला राहायचा, पण त्याची तोफ भोकातून दिसेल तेवढंच पाहायची. १५७७ च्या रशियन वेढ्यातले गोळे त्याच्या भिंतीत अजून दाखवतात. उपलीचा गोलंदाज उघड्या माथ्यावर, विजापूरच्या उन्हात, पण सगळं क्षितिज त्याचं.

क्षितिजाचंही गणित करून पाहण्यासारखं आहे. सपाट जमिनीवर १० मीटर उंचीच्या तटावरून नजर साधारण ११ किलोमीटरपर्यंत पोचते. २४ मीटरवरून ती १७ किलोमीटरच्या पुढे जाते. उंची अडीच पट केल्यावर नजर दीडपट होते, पण ही दीडपट म्हणजे चालत्या फौजेची अर्ध्या दिवसाची वाट. एवढ्या वेळात दरवाजे लावता येतात, गुरं आत घेता येतात, दारूकोठारं उघडता येतात. विजापूरचा परिसर बोडका आणि उघडा. स्वारांची धूळ क्षितिजाच्याही आधी वर येते.

अशी एक धूळ १६६५ च्या डिसेंबरात आली होती. मिर्झाराजे जयसिंग मोगल फौज घेऊन निघाले होते, आणि पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराजही त्यांच्या बरोबर होते. वाटेत फलटण, मंगळवेढा घेत फौज विजापूरपासून दहा-बारा मैलांवर येऊन थांबली. आदिलशाहीने आधीच तळी रिकामी करून, विहिरी बुजवून, झाडं तोडून शहराभोवतीचा मुलूख ओसाड केला होता. जयसिंगांकडे तट फोडण्याजोग्या अवजड तोफा नव्हत्या. जानेवारी १६६६ च्या सुरुवातीला ते मागे वळले. म्हणजे महाराज ज्या दरबाराशी उभं आयुष्य झगडले, त्याच्या राजधानीच्या इतक्या जवळ येऊन तट न गाठताच फिरले, आणि तिथून पन्हाळ्याकडे निघाले. उपलीवरच्या तोफांना त्या वेळी काही करावं लागलं नाही. त्यांच्या पल्ल्यात येण्याआधीच तहानेने काम भागवलं होतं.

पश्चिमेच्याच तटात, उपलीहून फार लांब नाही असा, शेर्जा बुरूज आहे. दुसऱ्या अली आदिलशहाच्या काळात तो पाच महिन्यांत उभा राहिला असं त्याच्यावरचा लेख सांगतो. त्यावरची तोफ महाराष्ट्राला ओळखीची: मुलुखमैदान. सभा गाजवणाऱ्या वक्त्यांना आपण अजून जिची उपमा देतो तीच ही. जन्म अहमदनगरचा. १५४९ मध्ये निजामशाहीत मुहम्मद रूमी नावाच्या कारागिराने ती ओतली. तोंडाच्या जागी सिंहाचा जबडा, आणि दातांत चिरडलेला हत्ती. लमछडीनंतर हिच्याकडे पाहिलं की दोन टोकं समोर येतात. लांबी १४ फूट ४ इंच, तोंड जवळजवळ अडीच फुटांचं, म्हणजे लांबी तोंडाच्या जेमतेम सहापट. वजन ५५ टनांच्या घरात. तिच्या तोंडात मावेल असा दगडी गोळा साडेचारशे किलोंचा होतो. ही लांब आणि नेमका मारा करणारी तोफ नव्हेच. जवळ आलेल्या गर्दीवर एकदाच प्रचंड काहीतरी फेकणारी आहे. तालिकोटच्या लढाईत हिच्यात तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून उडवल्या असं सांगतात. तोफेच्या आकाराशी ते जुळतं.

हिची धातूही विलक्षण. तांबं सुमारे ८० टक्के, कथील २०. तोफांच्या कांशात कथील साधारण याच्या निम्मं घालतात, कारण ते वाढलं की धातू कडक पण ठिसूळ होते. ८०-२० हे घंटेचं प्रमाण आहे. म्हणूनच मुलुखमैदानवर टिचकी मारली तर ती घुमते. इतक्या ठिसूळ धातूची तोफ न फुटता टिकली, याचं श्रेय तिच्या जाडीला. तोंडाशीच पाहिलं तर अडीच फुटांच्या भोकाभोवती चहूबाजूंनी सव्वा-सव्वा फूट धातू आहे.

ती अहमदनगरहून आधी परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तिथून १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवांनी विजापूरला आणली. परांडा ते विजापूर सरळ रेषेतच दीडशे किलोमीटरच्या वर. मध्ये सीना, भीमा आणि सगळीकडे ती काळी, चिकट जमीन. दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते असं सांगतात. तिची जोडीदारीण ‘कडकबिजली’ वाटेत नदीत बुडाली असंही सांगतात. काळ्या रानात पावसाने अडकलेला ट्रॅक्टर ज्याने पाहिला असेल त्याला हत्तींचा आकडा फुगवलेला वाटणार नाही. आणि जी तोफ हलवायला एवढा लवाजमा लागला, ती एकदा बुरुजावर चढली की खुंटाभोवती थोड्या माणसांनी वळत होती.

शेवटी या सगळ्याचा उपयोग झाला का? थोडा झाला. औरंगजेबाच्या फौजेने १६८५ च्या एप्रिलात वेढा घातला तो दीड वर्षाच्या आसपास चालला. १६८६ च्या उन्हाळ्यानंतर बादशहा स्वतः येऊन बसला. १२ सप्टेंबर १६८६ ला सिकंदर आदिलशहा शरण गेला तो तट कोसळला म्हणून नव्हे. आत दाणागोटा संपला होता, जनावरं मेली होती, बाहेरून मदत येण्याची आशा उरली नव्हती. भुकेवर तोफ डागता येत नाही. औरंगजेबाने मुलुखमैदानच्या अंगावर आपला लेख कोरवून घेतला, विजापूर आणि ही तोफ जिंकल्याचा. शहराच्या बरोबरीने तोफेचं नाव घ्यावंसं त्याला वाटलं.

पुढे १८५४ मध्ये, सातारा खालसा होऊन विजापूर इंग्रजांकडे गेल्यावर, पडीक सरकारी माल विकून टाकायचा हुकूम निघाला. त्या मालात मुलुखमैदानही निघाली आणि तिचा लिलाव झाला. सर्वांत वरची बोली आली १५० रुपयांची. मामलेदाराला ती फारच थोडी वाटली. गावातले लोक तोफेला मानतात हेही त्याने वर कळवलं. विक्री रद्द झाली आणि ५५ टन तांबं-कथील शेर्जा बुरुजावर जागच्या जागी राहिलं.